रकाना क्रमांक चौदा

दिवसाला किती ग्लास?
मी पेन टेकवून बसते.
झेकियेबाई हसतात, पुढचे दोन दात नसलेलं हसू,
आणि शेगडीवरच्या दुमजली किटलीकडे बघतात,
खाली पाणी, वर चहा,
जणू उत्तर अजून उतरायचंय.

"कुणी आलं तर बारा.
कुणी नाही आलं तरी बारा.
रडायचं असेल त्या दिवशी मोजत नाही."
रकान्यात दोनच अंक मावतात.
मी बारा लिहिते.

रिझेच्या वरचा हा उतार इतका उभा
की चहाचं पोतं तारेला लटकून दरीपार जातं
आणि माणूस मागून पायी.
झेकियेबाई त्र्याहत्तर वर्षांच्या गुडघ्यांवर, काठीशिवाय.
मी तीनदा थांबले वर येताना,
खांद्यावर बर्फाची पेटी,
आत सहा घरांचं रक्त.

आमच्या प्रयोगशाळेत भिंतीवर एक चित्र आहे,
षटकोनाला चिकटलेले षटकोन.
पान सुकतं, पिळलं जातं, काळं पडतं,
तेव्हा हिरव्यातली कॅटेचिनं एकमेकांत हात गुंफतात
आणि तांबूस थिआफ्लेविनं होतात.
ती म्हणे रक्तवाहिनीच्या अस्तराला सांगतात, जरा सैल हो.
वाईट कोलेस्टेरॉलला गंज चढू देत नाहीत,
जेवणानंतर उधळलेल्या साखरेचा लगाम धरतात.
'म्हणे' हा शब्द मी जपून ठेवलाय.
डॉक्टर नेस्रिननी पहिल्याच दिवशी बजावलं होतं,
'असं दिसतं' म्हणायचं,
'असं होतं' म्हणायचं नाही.

दंडाला पट्टा. सुई. नळी भरत जाते.
मोकळ्या हाताने त्या ग्लास उचलतात,
कमरेत बारीक, बोटभर उंच, आणि उजेडात धरतात.
"नीट मुरलेल्या चहाला इथे सशाचं रक्त म्हणतात.
बघ, जुळतोय का रंग."
नाही जुळत.
नळीतलं बरंच काळोखं.

"शाकिर एर्झुरुमचा.
तिकडची माणसं साखरेचा खडा दातांत धरतात
आणि त्यावरून चहा पितात.
वीस ग्लास, वीस खडे. चाळीस वर्षं.
जुलैच्या तोडीला वाफ्यातच पडला,
कात्रीची पिशवी अर्धी भरलेली.
मला वाटलं, काहीतरी शोधायला वाकलाय."
मग थोडं थांबून, भांडणाच्या सुरात नव्हे,
"तुझ्या षटकोनांनी का नाही गं धरलं त्याला?"

मी साखर म्हणते. मी सिगारेट म्हणते.
"आणि त्याचा भाऊ? सगळं तेच,
वर चहाला शिव्या देतो.
नव्वदीचा झाला."

मी पुढच्या प्रश्नावर जाते.
व्यायाम करता का?
"शहरातली माणसं करतात तो?
छे."
'नाही'वर खूण.
खिडकीबाहेर तो उतार,
भिंतीसारखा,
त्याच्यासाठी एकही रकाना नाही.
शेजारची गुलिझार दिवसातून दोनदा डोकावते, तिच्यासाठी नाही.
समोरच्या डोंगरावरून कुणी हाक मारतं,
कामातून मान न उचलता या ओ देतात,
तीही कुठे लिहायची?
महिन्याभराने ट्राब्झोनला संगणक बेरीज मांडेल
आणि सगळं श्रेय चहाला देऊन मोकळा होईल.
किंवा सगळं काढून घेईल.

बशीत दोन खडे असतात, जुन्या सवयीने.
शाकिर गेल्यापासून त्यांनी एकही विरघळवलेला नाही.
दोन्ही माझ्याकडे सरकवतात.
मी एकच घेते, तोही अर्धा,
आणि तिथेच, प्रयोगशाळेची माणूस,
चोरासारखी पकडली जाते.

पेटीतलं बर्फ वितळत चाललंय,
अंधाराआधी खाली उतरायचंय.
मी ग्लासवर चमचा आडवा ठेवते.
इथे त्याचा अर्थ, पुरे.
झेकियेबाईंना तो अर्थ जन्मापासून ठाऊक आहे.
त्या चमचा उचलतात,
पदराच्या टोकाला पुसतात, बशीत सरळ ठेवतात,
आणि ओततात.